हलकं नाव

हर्सोयो गुरुजींनी करांगसारी गावातल्या निम्म्या पोरांना नावं दिली, आणि पोटच्या पोरीचं नाव मात्र त्यांच्या तोंडून बाहेर पडेना. आता बोला.

नाव मागायला लोक साखर आणि चहाची पुडी घेऊन यायचे. गुरुजी शाळेत जावानी भाषा शिकवायचे, जुन्या पोथ्या त्यांनी वाचलेल्या, त्यामुळे गावाचा त्यांच्यावर विश्वास. ते बाळाचा जन्मवार विचारायचे, आईबापांच्या तोंडाकडे बघायचे, चहाचा पेला अर्धा होईपर्यंत गप्प बसायचे आणि मग नाव सांगायचे. ऐकणाऱ्याला अर्थ कळायचा असं नाही, पण कानाला बरं वाटायचं. माणसं खुशीत घरी जायची.

आणि पोर सारखं आजारी पडायला लागलं, की हीच माणसं पुन्हा गुरुजींच्याच ओसरीवर. कारण आमच्याकडे शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं की नाव पेलावं लागतं. अंगापेक्षा नाव मोठं झालं की पोर खंगतं, ताप धरतं, रात्रीचं किंचाळत उठतं. मग भाताची खीर करायची, अर्धी गुळाची लाल, अर्धी नारळाच्या दुधातली पांढरी, चार शेजारी बोलवायचे, मशिदीतल्या मोदीनबाबांकडून दुवा म्हणून घ्यायची आणि जड नाव काढून हलकं ठेवायचं. बदकंवाल्या पार्जोच्या मुलाचं नाव होतं आर्यो विस्नुमूर्ति. वर्षभर ते पोर नुसतं कण्हत होतं. गुरुजींनी त्याला पाइजो केलं आणि महिन्याभरात ते बदकांमागे पळायला लागलं. ताप तसाही उतरणारच होता असं म्हणणारे होते गावात एकदोघे. पण त्यांना विचारतो कोण?

गुरुजींना मूल झालं ते फार उशिरा, देवाला सांगून सांगून थकल्यावर. मुलगी. त्या दिवशी गुरुजींचं भान सुटलं म्हणा की काय म्हणा, त्यांनी तिचं नाव ठेवलं हायुनिंग बवोनो. म्हणजे साऱ्या भुवनाचं सौंदर्य.

"एवढीशी तर आहे, पाकने," लास्त्री अंथरुणातून म्हणाली. नवऱ्याला ती पाकने म्हणायची, पोरीचे बाबा म्हणून. "आणि तिच्या डोक्यावर अख्खं भुवन कशाला?"

"वाढेल की. भुवनाएवढी होईल," गुरुजी म्हणाले.

आणि ती झालीही. चांगली खणखणीत वाढली. आवाज तर असा, की अंगणातून हाक मारली तर कालव्यापलीकडची माणसं वळून बघायची. शिकली, क्लातेनच्या छोट्या रेडिओ केंद्रावर लागली. दुपारी लोकांचे निरोप वाचायचे, आणि कुणाच्या सासूसाठी, कुणाच्या म्हशीसाठीसुद्धा गाणी लावायची. लग्नाचं बोलणं आलं होतं. सगळं रांगेला लागलं होतं.

मग तिचे गाल लाल व्हायला लागले. उन्हानं असेल म्हणून सोडून दिलं. सकाळी बोटं सुजायची, वेणी घालताना केसांचे पुंजके हातात यायचे, संध्याकाळ झाली की कसकस. लास्त्रीनं अंगात वारा शिरलाय म्हणून नाण्यानं तिची पाठ घासून लालभडक केली, हळदीचा काढा पाजला. काही उपयोग नाही. शेवटी सोलोच्या मोठ्या दवाखान्यात नेलं, तिथल्या डॉक्टरीणबाईंनी रक्त तपासलं आणि सांगितलं, ल्युपस.

"म्हणजे काय झालं तिला?" गुरुजींनी विचारलं.

"म्हणजे असं बघा," बाई म्हणाल्या. "आपल्या अंगात पहारेकरी असतात. बाहेरचं कुणी आलं की त्याला मारायचं, हे त्यांचं काम. हिच्या पहारेकऱ्यांना आपली माणसं ओळखूच येत नाहीत. परके समजून घरातल्यांनाच मारत सुटलेत."

"का?"

"ते अजून कुणालाच नीट माहीत नाही, गुरुजी."

लग्नाचं बोलणं आलं तसं गेलं. घरी पहिला आला तो पार्जो, बदकाची खारवलेली अंडी घेऊन. टोपी काढून गुडघ्यावर ठेवली. मग म्हणाला, "रागावू नका, गुरुजी. पण माझ्या पोराच्या वेळी तुम्हीच सांगितलं होतं ना. आणि तुमच्या लेकीचं नाव तर आमच्या पाइजोच्या जुन्या नावाच्या दसपट."

गुरुजींचा चेहरा पडला. पार्जो काही नवीन बोलला नव्हता. दवाखान्यातून येताना बसमध्ये खिडकीकडे तोंड करून ते तेच म्हणत आले होते. दुसऱ्याच्या पोराचं नाव जोखणारे आपण, आणि स्वतःच्या पोरीच्या वेळी हौसेनं आंधळे झालो. आपणच तिला हे दिलं. ही टोचणी त्यांना लागली ती कायमची.

खीर झाली. शेजारी आले. मुलगी गालांवर पावडर लावून मधोमध बसली आणि म्हणाली, "बापाक, मला दोन वाट्या वाढा. जुनी जातेय तिला एक, नवी येतेय तिला एक." माणसं हसली. लास्त्री पदराआड रडली. गुरुजींनी नाव सांगितलं, मेनिक. म्हणजे इवलीशी, मण्याएवढी. त्यांना सुचलेलं सगळ्यात हलकं नाव ते.

आईचं मन राखायला म्हणून मुलीनं ते घेतलं. गाव तिला मेनिक म्हणायला लागलं, लास्त्रीही म्हणायला लागली. गुरुजींना मात्र मेनिक म्हणवेना, आणि हायुनिंग म्हणायची तर छातीच होईना. ते नुसतं "न्दुक" म्हणायचे. आमच्याकडे कुठल्याही लेकीला म्हणतात तसं, पोरी.

पण रेडिओवर ती रोज दुपारी ठणकावून सांगायची, "नमस्कार मंडळी, मी हायुनिंग बवोनो." घरात मेनिक, हवेत हायुनिंग, असा तिचा हिशेब. गुरुजी रेडिओला कान लावून बसायचे आणि नाव यायची वेळ झाली की पटकन आवाज बारीक करायचे. नाव होऊन गेलं की पुन्हा मोठा.

"आवाज कमी केला म्हणून नाव हलकं होतं होय?" लास्त्री सोयाबीनच्या तेम्पेच्या वड्या तळता तळता विचारायची.

"तू तुझं तळण बघ, बुने," गुरुजी म्हणायचे. बुने म्हणजे पोरीची आई.

दुखणं काही गेलं नाही, पण दबलं. उन्हात जायचं नाही म्हणून ती लांब बाह्या, हातमोजे, डोक्याला फडकं अशी फटफटीवर निघायची, आणि पोरं ओरडायची, "मेनिकताई, बँक लुटायला चाललात का?" ती म्हणायची, "हो, तुझ्या बापाचीच." गोळ्यांनी चेहरा सुजून गोल झाला तर म्हणाली, चला, आता रेडिओलाच शोभते. गुरुजी हे ऐकायचे आणि उठून परसात जायचे.

मग गळ्यातली थायरॉइडची गाठ बिघडली. हात थरथरायला लागले, काळीज धावायला लागलं, भुकेनं जेवायची आणि वाळत जायची. बाई म्हणाल्या, तेच पहारेकरी, आता गळ्याशी पोचलेत. एकदा घरातल्यांवर हात उचलायची सवय लागली की असं होतं कधी कधी. आणि दोन-अडीच वर्षांनी पापणी पडायला लागली. आधी डावी, मग दोन्ही. घास चावता चावता जबडा थकायचा. केस विंचरायला वर नेलेला हात मध्येच खाली यायचा. या खेपेला पहारेकऱ्यांनी स्नायूंकडे जाणारा निरोपच अडवला होता. सकाळी बरी असायची, दुपार कलली की मान धरवायची नाही.

एक दुखणं असलं की माणूस त्याच्याशी भांडतो तरी. इथं तीन, आणि तिघांचे तीन डॉक्टर, तीन रांगा. पहिलं दुखणं ज्या गोळीनं गप्प बसायचं तीच तिसऱ्याला चेतवेल म्हणून नव्या डॉक्टरांनी ती बंद केली. मग पहिल्यानं पुन्हा डोकं वर काढलं, सांधे धरले, लघवीत रक्त आलं. डॉक्टरीणबाई त्यांच्यावर वैतागल्या, ते बाईंवर.

"माझ्या अंगात तीन भाडेकरू आहेत," मुलगी म्हणायची. "एकमेकांचं तोंड बघत नाहीत. आणि भाडं कुणीच देत नाही."

गावाचं म्हणणं सरळ होतं. रेडिओवर रोज जुनं नाव घेते, मग खीर लागू कशी पडणार? गुरुजी मान हलवायचे. पण त्यांच्या पोटात दुसरीच भीती शिरली होती आणि ती त्यांना कुणाजवळ बोलता येत नव्हती. पहिलं दुखणं आलं ते जुन्या नावावर, खरं. पण पुढची दोन आली ती नाव बदलल्यावर. अंगाला आपली माणसं ओळखू येत नाहीत, बाई म्हणाल्या होत्या. कशी येतील? आपणच तिची हाक बदलली. आता अंग कुणाच्या नावानं कुणाला ओळखणार? जुनं नाव घ्यावं तर त्यानं मारलं असेल, न घ्यावं तर न घेतल्यानं मारत असेल. भात कालवून तसाच ठेवून ते हात धुवायचे.

रेडिओही सुटला. कार्यक्रमाच्या शेवटाकडे तिचा आवाज नाकातून यायचा, ओठ मिटायचे नाहीत, शब्द एकमेकांवर सांडायचे. कुणीतरी निरोपाच्या पत्रात लिहिलं, की बाई सुपारी खाऊन बोलतात का? तिनं ते पत्र हवेत वाचून दाखवलं, हसली, आणि दुसऱ्या दिवसापासून गेली नाही.

त्या दिवशी सकाळी, अंगात जरा जोर असतानाच, ती परसात फणसाच्या सावलीत येऊन गुरुजींजवळ बसली. गुरुजी कोंबड्यांचं खुराडं बांधत होते.

"बापाक, आता माझं नाव कुणीच घेत नाही."

"अख्खा गाव घेतो की."

"ते मेनिकचं. मी माझं म्हणतेय." ती थांबली, दम घेतला. "आजवर मीच घेत होते. आता आवाज नाही. तुम्ही ठेवलंत, तुम्हीच घ्या. एकदाच घ्या."

गुरुजी सुतळीची गाठ मारत राहिले. "बरी झालीस की घेईन, न्दुक."

"मी बरी होणार नाहीये. हे बरं होणारं दुखणंच नाही, बाई तुमच्यासमोर बोलल्या. मग काय, कधीच नाही?"

"असं अभद्र बोलू नये."

"आणि नावाला वजन असतं म्हणता, तर तुमचा पाइजो आज वाऱ्यावर उडायला हवा होता. बघा तरी त्याच्याकडे. फटफटीचं चाक बसतं त्याच्याखाली."

गुरुजींना हसू आलं, पण नाव आलं नाही. ते म्हणाले, ऊन सरकतंय, आत जा.

तिनं पुष्कळदा मागितलं त्यानंतर. कधी लाडात, कधी रागानं. एकदा सोतोच्या रश्शाची वाटी ढकलून म्हणाली, "तुम्हाला वाटतं तुम्ही मला वाचवताय. तुम्ही मला पुसताय, बापाक." गुरुजींना ते फार लागलं. ते तडक भाताच्या बांधावर गेले, जिथं बगळ्यांशिवाय कुणी नाही, आणि नाव घ्यायला लागले. हा... म्हणाले आणि तिथंच अडले. आपण नाव घ्यायचं आणि घरी जाऊन बघावं तर ती आडवी, हे चित्र डोळ्यांपुढून हलेना. तसेच परत आले.

मग तिनं मागणं सोडलं. बोलणंही कमी झालं. रागावलीय की थकलीय, गुरुजींना कळायला मार्ग नव्हता, कारण चेहऱ्याचे स्नायूही आता साथ देत नव्हते. हसली तरी चेहरा हसायचा नाही. गुरुजी तिच्या तोंडाकडे बघत बसायचे आणि त्यातून त्यांना काही मिळायचं नाही. बापाला याहून मोठी शिक्षा काय असते, तुम्हीच सांगा.

पावसाळा संपता संपता तिला खोकला झाला. साधा खोकला, पण खोकायलाही ताकद लागते. ती नव्हती. दुपारी ओठ निळे पडले तेव्हा पार्जोनं अंडी पोचवायची गाडी आणली, मागं गादी टाकली आणि तिला सोलोला नेलं. तिथं तिच्या घशात नळी घातली आणि यंत्र तिच्यासाठी श्वास घ्यायला लागलं.

गुरुजी आणि लास्त्री दवाखान्याच्या व्हरांड्यात चटई टाकून राहिले. आजूबाजूला अशीच माणसं, पातेली, थर्मास, उशा. लास्त्री दोन दिवस आतल्या दाराकडे तोंड करून बसली. मग केळीच्या पानातला भात नवऱ्यापुढे सरकवत म्हणाली, "पाकने, घ्या तिचं नाव."

"तू सांगतेस? खीर कुणी शिजवली होती?"

"मी शिजवली. आणि आता मीच मोडते." तिच्या डोळ्यांत पाणी नव्हतं, रागच होता. "एवढी वर्षं घाबरून काय राखलं आपण? तीन दुखणी राखली. पोरीनं आयुष्यात एक गोष्ट मागितली तुमच्याकडे. सोनं नाही, नाणं नाही. आणि तुम्ही ती नाही दिलीत. ती गेली ना अशीच, तर मी तुमच्या घरात राहायची नाही."

गुरुजींनी भाताला हात लावला नाही. पण उठले तेव्हा त्यांचं ठरलं होतं.

नळी निघाली ती पुढच्या आठवड्यात. एका वेळी एकानंच आत जायचं, तेही सकाळी घटकाभर, घंटा होईपर्यंत. लास्त्री म्हणाली, तुम्ही जा. गुरुजींनी नळावर तोंड धुतलं, शर्टाची गुंडी गळ्यापर्यंत लावली, काळी टोपी नीट केली. शाळेच्या पहिल्या दिवशी जायचे तसे गेले.

ती पांढऱ्या उशीत रुतलेली होती. मनगट तर असं, की गुरुजींच्या दोन बोटांत मावलं असतं. डोळे मिटलेले. गुरुजी पायथ्याशी उभे राहिले आणि हजेरी घ्यायचे त्या आवाजात म्हणाले,

"हायुनिंग बवोनो."

शेजारच्या खाटेवरच्या म्हातारीनं मान वळवली. आवाज फुटला, कापला, पण नाव पुरतं निघालं. काही कोसळलं नाही. यंत्रावरची हिरवी रेघ चालत राहिली. गुरुजींच्या छातीवरचा दगड हलला आणि त्यांना रडू फुटलं. ते उशाशी गेले आणि पुन्हा म्हणाले, या खेपेला हळू, तिच्या जन्माच्या दिवशी म्हणाले होते तसं. "हायुनिंग बवोनो. माझी हायुनिंग. ऐकलंस ना, न्दुक? चुकलं माझं. आता रोज घेईन. गावात ओरडून घेईन."

एक पापणी अर्धी उघडली. दुसरी उघडलीच नाही. तिनं त्यांच्याकडे बघितलं आणि उशीवर मान हलवली, इकडून तिकडे.

"काय होतंय? पाणी हवंय?"

"नको," ती म्हणाली. आवाज कसला, वाराच नुसता. "ते... नाव... नको."

गुरुजींना वाटलं आपण नीट ऐकलं नाही. "अगं, तूच मागत होतीस ना? मी घेतलं बघ. काही होत नाही. तूच म्हणायचीस ना, नावाला कसलं वजन? तो पाइजो बघ. चाक बसतं म्हणालीस..."

तिचंच बोलणं ते तिला घाईघाईनं परत सांगत होते, एकेक करून, तिनं मांडलेला सगळा वाद. ती ऐकत होती. मग तिचे ओठ हलले आणि गुरुजींना कान अगदी तिच्या तोंडाशी न्यावा लागला.

"नळी होती... तेव्हा... मला कळत होतं. सगळं." दम. "मला भीती वाटते, बापाक."

आयुष्यात कधी म्हणाली नव्हती हे. गाल लाल झाले तेव्हा नाही, केस गेले तेव्हा नाही, रेडिओ सुटला तेव्हाही नाही. सगळं घर घाबरायचं आणि ती एकटी हसायची. गुरुजींना आता कळलं, की आपण तिच्या त्या हसण्यावर टेकून उभे होतो.

"नाही पेलवत मला," ती म्हणाली. "मेनिक... म्हणा."

गुरुजींनी तोंड उघडलं. वर्षानुवर्षं जे नाव त्यांना म्हणवलं नव्हतं ते म्हणाले. "मेनिक."

तिची बोटं त्यांच्या हातात किंचित हलली. ती ऐकून घेत होती, अंदाज घेत होती. मग म्हणाली, "अजून... हलकं... काही असेल... तर बघा ना."

गुरुजी स्टुलावर बसले आणि शोधायला लागले. गावातल्या निम्म्या पोरांना पुरली एवढी नावं त्यांच्यापाशी होती. त्यांनी फुलांची बघितली, पाखरांची बघितली, दोन अक्षरांची, एका अक्षराची बघितली. जे मनात येई त्याला काही ना काही अर्थ असे, आणि अर्थ आला की त्यांना ते तिच्या छातीवर ठेवण्याचा धीर होईना. म्हातारीचा मुलगा येऊन तिला पेज भरवून गेला. घंटा झाली, नर्स दारात येऊन उभी राहिली, आणि अजून एकही नाव सापडलं नव्हतं. ती डोळे मिटून त्यांच्याकडे तोंड करून वाट बघत होती.